डॉक्टरविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार: केस पेपर मिळवण्यापासून अपिलापर्यंत

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेसमोर डॉक्टरविरुद्धची तक्रार टिकणार की नाही, हे सुनावणीच्या कितीतरी आधी ठरलेले असते. रुग्णालयातून पूर्ण केस पेपर हाती आले का, नेमका कोणता नियम मोडला हे सांगता आले का, आणि जे मागायचे ते योग्य दारात मागितले का, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. घरात माणूस गमावल्यावर किंवा शस्त्रक्रिया बिघडल्यावर कागद गोळा करायचे बळ कोणातच नसते, आणि नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. म्हणून हे काम घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसावर सोपवावे. एक फाईल, एक वही, आणि सगळे पत्रव्यवहार त्याच्याच सहीने.

आधी दार ठरवा

वैद्यकीय परिषद डॉक्टरच्या नोंदणीबद्दल निर्णय देते. ताकीद देणे, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नाव नोंदवहीतून काढणे, हे तिच्या हातात आहे. नुकसानभरपाई देणे, बिलाचे पैसे परत करायला लावणे किंवा कोणाला अटक करणे तिच्या हातात नाही. ‘परिषदेकडे गेलो, तीन वर्षे हेलपाटे घातले आणि एक रुपया मिळाला नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाने बहुधा पहिल्याच दिवशी चुकीचे दार ठोठावलेले असते.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. मुदत २ वर्षांची असते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. सगळ्यांवरच मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध हा मार्ग चालत नाही. केस पेपरचे नाममात्र शुल्क भरल्याने माणूस ग्राहक ठरत नाही. विमा कंपनीने बिल भरले असेल तर मात्र तो मोफत उपचार नव्हे.

गुन्हा असेल तर पोलीस. लैंगिक अत्याचार, खोट्या सहीने घेतलेली संमती, कागदपत्रांत फेरफार अशा बाबतीत आधी पोलीस ठाणे गाठावे, परिषदेचा अर्ज त्यानंतर. हलगर्जीपणाने मृत्यू झाल्याचा आरोप असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागते आणि नोंदणीकृत डॉक्टरसाठी त्यात २ वर्षांपर्यंत कैद आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार तपास अधिकाऱ्याने पुढे जाण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, घ्यायचे असते. त्यामुळे ‘पोलीस गुन्हाच नोंदवून घेत नाहीत’ या रागात आठवडे घालवू नयेत. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि वैद्यकीय मत कोणाकडे मागवले आहे ते लेखी विचारावे.

रुग्णालयाचा कारभार हा चौथा प्रकार: दरपत्रक लावलेले नाही, रुग्ण हक्क संहिता लावलेली नाही, बिलासाठी मृतदेह अडवला. परिषद डॉक्टरवर अधिकार चालवते, इमारतीवर नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या महाराष्ट्र नियमांखाली या तक्रारी महापालिका हद्दीत वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जातात. बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही, हे त्या क्षणी तोंडी सांगायला आणि लगेच फोन करायला माहीत असले पाहिजे.

दोन-तीन दारे एकाच वेळी ठोठावता येतात. मात्र प्रत्येक ठिकाणी हकीकत शब्दशः सारखी हवी. एका अर्जात ‘रात्री १० वाजता डॉक्टर आले नाहीत’ आणि दुसऱ्यात ‘११ वाजता’ असे लिहिले, तर समोरचा वकील तेवढ्या एका फरकावर तुमची पूर्ण विश्वासार्हता खोडून काढतो.

डॉक्टर कोणाच्या नोंदवहीत आहे

ॲलोपॅथीचे, म्हणजे एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेले असतात. ही परिषद १९६५ च्या राज्य कायद्याखाली चालते आणि तिचे कार्यालय मुंबईत आहे. आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीसाठी, दंतवैद्यांसाठी आणि परिचारिकांसाठी वेगळ्या परिषदा आहेत. बीएएमएस डॉक्टरविरुद्धचा अर्ज वैद्यकीय परिषदेला पाठवला तर तो तिथे चालणार नाही, आणि ते कळेपर्यंत महिने जातात.

नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशांच्या पावतीवर असणे सक्तीचे आहे. तो परिषदेच्या संकेतस्थळावर किंवा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या, म्हणजे डॉक्टरांवरच्या देशपातळीवरील नियामक संस्थेच्या, भारतीय नोंदवहीत तपासावा. नाव, पदवी, पदवीचे वर्ष आणि नोंदणीचे राज्य हे चार तपशील जुळले पाहिजेत. महाराष्ट्रात नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा ते चालू आहे का तेही पाहावे. पाटीवर ‘हृदयरोगतज्ज्ञ’ लिहिलेले असेल आणि नोंदवहीत त्या शाखेची पदव्युत्तर पदवी नसेल, तर तो स्वतंत्र मुद्दा आहे: त्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणे हे गैरवर्तन आहे.

नाव कुठेच सापडले नाही तर समोर बोगस डॉक्टर असू शकतो. जो नोंदवहीत नाहीच त्याचे नाव परिषद कुठून काढणार? अशा वेळी पोलीस आणि आरोग्य अधिकारी यांच्याकडे जावे. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ मध्ये अशा व्यक्तीला १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे.

गैरवर्तन कशाला म्हणतात

आज लागू असलेली आचारसंहिता २००२ ची आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्यात २३ तारखेला ते स्थगित केले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. इंटरनेटवर अजूनही २०२३ च्या नियमांचे दाखले देणारे मसुदे फिरतात. तसा मसुदा उतरवून पाठवणे ही सहज टाळता येण्यासारखी चूक आहे.

या संहितेत सहाव्या प्रकरणात अनैतिक कृत्ये आणि सातव्या प्रकरणात गैरवर्तन दिले आहे. तक्रारीत नियमाचा क्रमांक लिहिला की तिला कणा येतो. रुग्णांच्या उपयोगी पडणारे काही नियम असे:

७.२: दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षे न ठेवणे, किंवा मागितल्यावर ७२ तासांत न देणे.
७.४: रुग्णाशी अनैतिक संबंध किंवा अशोभनीय वर्तन.
७.६: गर्भलिंगनिदान.
७.७: खोटे, दिशाभूल करणारे प्रमाणपत्र. आजारपणाच्या खोट्या दाखल्यापासून अपघाताच्या दाखल्यापर्यंत सगळे यात येते.
७.१४: रुग्णाचे गुपित उघड करणे. अपवाद तीनच: न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले आजार.
७.१६: शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती न घेणे.
७.१७: ओळख पटेल असे रुग्णाचे फोटो किंवा माहिती परवानगीशिवाय प्रसिद्ध करणे. समाजमाध्यमांवर टाकलेले ‘आधी आणि नंतर’चे फोटो इथे अडकतात.
६.४: रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे किंवा घेणे, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली कट प्रॅक्टिस.
६.८: औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घेणे. हा नियम २००९ मध्ये आला आणि २०१६ मध्ये त्यात रकमेनुसार शिक्षा ठरवून दिली.

सातव्या प्रकरणातली यादी पूर्ण नाही, हे संहिताच सांगते. तुमची गोष्ट यादीत नेमकी बसत नसेल तरी परिषद ती गैरवर्तन ठरवू शकते.

संमतीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण बहुतेक तक्रारींमध्ये हा मुद्दा दडलेला असतो आणि कुटुंबाच्या तो लक्षातच येत नाही. दाखल होताना घाईघाईत सही करून घेतलेला छापील कागद म्हणजे संमती झाली, असा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात याची नीट फोड केली: तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेसाठी संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावेच लागले असे नसेल, तर ‘पोट उघडलेच होते म्हणून तेही काढून टाकले’ हे चालत नाही. म्हणून संमतीपत्र हातात आल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. शस्त्रक्रियेचे नाव हाताने भरले आहे की रकाना कोरा आहे? धोके आणि पर्याय लिहिले आहेत का? सही कोणाची? रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असताना फक्त नातेवाइकाची सही का घेतली? वेळ कोणती? भूल दिल्यानंतरची वेळ असेल तर त्या सहीला अर्थ नाही. फॉर्म कोणत्या भाषेत आहे? आणि केलेली शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेली आणि संमतीपत्रातली, या तिन्ही एकच आहेत का?

हलगर्जीपणाची गोष्ट वेगळी आणि अवघड. उपचार करूनही रुग्ण दगावला, एवढ्याने हलगर्जी ठरत नाही. ज्ञात गुंतागुंत निर्माण झाली, एवढ्यानेही ठरत नाही. त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते ते याने केले नाही, हे दाखवावे लागते. म्हणून गुंतागुंत झाली का, या प्रश्नापेक्षा ती झाल्यावर कधी ओळखली आणि ओळखल्यावर काय केले, हा प्रश्न जास्त कामाचा असतो. आतड्याला शस्त्रक्रियेत छिद्र पडणे हा ज्ञात धोका असू शकतो. पण पुढचे दोन दिवस ताप, फुगलेले पोट आणि वाढती नाडी नर्सच्या तक्त्यात लिहिलेली असताना कोणीही तपासले नाही, हे समर्थन करायला फार कठीण जाते.

कागद: पहिल्या दिवसापासून

केस पेपरसाठी तोंडी विनंती करू नये. साध्या कागदावर दोन प्रती कराव्यात. एक रुग्णालयात द्यावी आणि स्थळप्रतीवर सही, शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि वेळ घ्यावी. ७२ तासांचे घड्याळ त्या वेळेपासून चालू होते. पोच द्यायला नकार दिला तर तिथेच थांबून वाद घालू नये. तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा. डिलिव्हरीचा पुरावा डाउनलोड करून ठेवावा, कारण तो काही काळाने संकेतस्थळावर दिसत नाही.

अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ एवढेच लिहिले की हातात डिस्चार्ज कार्ड आणि चार रिपोर्ट येतात. यादी करून मागावे:

‘रुग्णाचे नाव, आयपीडी क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जची तारीख. वैद्यकीय आचारसंहिता २००२ मधील नियम १.३.२ नुसार पुढील कागदपत्रांच्या पानांना क्रमांक दिलेल्या प्रती ७२ तासांच्या आत मिळाव्यात: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी व आदेश, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, अतिदक्षता विभागाचा तक्ता, औषधे दिल्याचा तक्ता, सर्व संमतीपत्रे, भूलपूर्व तपासणी व भुलीची नोंद, शस्त्रक्रियेचे टिपण, रक्त चढवल्याच्या नोंदी, इम्प्लांटचे स्टिकर, सर्व तपासणी अहवाल, एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म व सीडी, अन्य तज्ज्ञांना बोलावल्याच्या नोंदी, डिस्चार्ज किंवा मृत्यू सारांश, तपशीलवार बिल. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास तयार आहे.’

यातला नर्सचा तक्ता सर्वांत बोलका असतो. डॉक्टरांची नोंद बरेचदा नंतर, एका बैठकीत लिहिली जाते. नर्सची नोंद पाळीपाळीने, वेगवेगळ्या हातांनी, ठरावीक तासांनी होते. रात्री २ वाजता रक्तदाब कोसळला आणि ‘डॉक्टरांना फोनवर कळवले’ अशी नोंद आहे, पण डॉक्टरांच्या कागदावर पुढची नोंद सकाळी ९ ची आहे, तर तुमच्या तक्रारीचा गाभा तिथेच आहे. भुलीच्या नोंदीतही शस्त्रक्रिया सुरू झाल्याची आणि संपल्याची खरी वेळ सापडते.

मागणारा कोण, यावर रुग्णालये अडतात. रुग्ण स्वतः मागत असेल तर ओळखपत्र पुरे. दुसरा कोणी मागत असेल तर रुग्णाच्या सहीचे अधिकारपत्र. रुग्ण हयात नसेल तर मृत्यू प्रमाणपत्र आणि नात्याचा पुरावा. ‘हे आमचे गोपनीय कागद आहेत’, ‘बिल बाकी आहे’, ‘न्यायालयाचा आदेश आणा’ या तिन्ही सबबी चालत नाहीत. रुग्णाचा कागदांवरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला आहे. ७२ तास उलटले तर नियम ७.२ चा भंग होतो, आणि मूळ उपचार निर्दोष असला तरी एवढ्यावरूनही तक्रार होऊ शकते.

कागद जपून ठेवण्याची ३ वर्षांची मुदत उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजतात, डिस्चार्जपासून नाही. ही मुदत दाखल झालेल्या रुग्णांच्या कागदांना आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या चिठ्ठ्या तुमच्याकडेच असतात, त्या टाकू नयेत. सरकारी किंवा महापालिका रुग्णालय असेल तर वरच्या अर्जासोबत माहिती अधिकाराचा अर्जही करावा. त्याची मुदत ३० दिवस.

प्रती मिळाल्या की त्याच दिवशी पाने मोजावीत आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. मग खाडाखोड, वेगळ्या शाईत घुसवलेल्या ओळी, एकाच हस्ताक्षरात सलग लिहिलेले तीन दिवस, गायब पान क्रमांक यांची टाचणे वहीत करावीत. उपचार चालू असताना नातेवाइकाने फाईलचे फोटो काढलेले असतील तर ते सोन्यासारखे. नंतर मिळालेल्या प्रतींशी ते ताडून पाहावेत. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. परिषदेलाही नाही.

फोनचे कॉल रेकॉर्ड, व्हॉट्सॲपवरचे संदेश, औषधांच्या पावत्या हेही लगेच जमवावे. संदेश फोनमधून पुसू नयेत. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोनला जास्त वजन असते. सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. ते हवे असेल तर कोणत्या जागेचे, कोणत्या तारखेचे, किती ते किती वाजेपर्यंतचे, असे लिहून पहिल्याच दिवशी ते जतन करण्याची मागणी द्यावी.

मृत्यू झाला असेल तर

मनात शंका असेल तर शवविच्छेदन मागावे, आणि ते तेव्हाच मागावे. हे वाक्य क्रूर वाटेल, पण अंत्यसंस्कारानंतर मृत्यूच्या कारणाचा वाद कागदावरच लढावा लागतो आणि तो कागद रुग्णालयाने लिहिलेला असतो. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात, चित्रीकरणासह व्हावे अशी मागणी करावी. ज्या रुग्णालयाबद्दल तक्रार आहे तिथे ते होऊ नये. व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला का, ते विचारून घ्यावे. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मृत्यू सारांश यांतली कारणे जुळतात का, हेही पाहावे.

आणि कितीही संताप झाला तरी हात उचलू नये, काच फोडू नये. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हिंसेला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. त्या रात्रीनंतर तुम्ही तक्रारदार राहत नाही, आरोपी होता. समाजमाध्यमांवर ‘खुनी डॉक्टर’ असे लिहिणेही टाळावे. त्यातून बदनामीचा दावा उभा राहतो आणि पुढची तक्रार सूडाची वाटू लागते.

दुसऱ्या डॉक्टरचे मत

परिषदेवर डॉक्टरच बसतात आणि वैद्यकीय सक्षमतेचा निवाडा समव्यावसायिकांनीच करायचा, असे संहिता सांगते. त्यामुळे हलगर्जीच्या तक्रारीला त्याच शाखेतल्या डॉक्टरचे लेखी मत जोडले तर तिचे वजन बदलते. अस्थिरोगाच्या प्रकरणात हृदयरोगतज्ज्ञाच्या मताचा उपयोग नसतो. त्याच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातले, निवृत्त प्राध्यापक, वैद्यकीय महाविद्यालयातले विभागप्रमुख यांना विचारावे.

‘चूक झाली का?’ असे विचारू नये. नेमके प्रश्न लिहून न्यावेत: या लक्षणांवर कोणत्या तपासण्या अपेक्षित होत्या? त्या किती वेळात? या नोंदी पाहता निदान कधी शक्य होते? तेव्हा उपचार सुरू झाले असते तर फरक पडला असता का? सगळे कागद द्यावेत, तुमच्या बाजूचे तेवढेच निवडून देऊ नयेत. आणि तज्ज्ञाने ‘यात हलगर्जी दिसत नाही’ असे सांगितले तर ते मनापासून ऐकावे. अशा वेळी तक्रार संमती, कागद न देणे किंवा संवाद यांपुरती ठेवावी, किंवा सोडून द्यावी. निर्दोष डॉक्टरला दोन-तीन वर्षे चौकशीत लटकवणे हाही अन्यायच आहे.

संमती, गुप्तता, खोटा दाखला, नोंदणी क्रमांक नसणे, तज्ज्ञ असल्याचा खोटा दावा यांसाठी तज्ज्ञमत लागत नाही. कागदच बोलतो. कट प्रॅक्टिसचे मात्र उलटे आहे: सगळ्यांना माहीत, पुरावा कोणाकडेच नाही. प्रयोगशाळेच्या नावाचा शिक्का मारलेली चिठ्ठी, ‘तिथलाच रिपोर्ट आणा’ असा संदेश, दुसरीकडचा रिपोर्ट कारण न देता नाकारल्याची नोंद असे काही हाती असेल तरच तो आरोप करावा.

तक्रार लिहिताना

परिषदेच्या संकेतस्थळावरून चालू नमुना घ्यावा आणि तो मागेल ते सर्व द्यावे. निनावी अर्जाच्या भरवशावर राहू नये. सुनावणीत डॉक्टरसमोर उभे राहून बोलायचे असते. मुख्य तक्रार चार पानांत मावली पाहिजे. त्यामागे जोडपत्रे कितीही असोत, प्रत्येकाला क्रमांक हवा.

सुरुवातीला तक्रारदार, रुग्ण आणि डॉक्टर यांची माहिती, डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह. एकापेक्षा जास्त डॉक्टर असतील तर कोणी काय केले ते वेगवेगळे लिहावे. ‘रुग्णालयाच्या सर्व डॉक्टरांनी’ अशी वाक्यरचना तक्रार पातळ करते. भुलीच्या डॉक्टरचा संबंध नसेल तर त्याचे नाव उगाच ओढू नये.

मग घटनाक्रम. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, घटना आणि जोडपत्राचे पान. असा:

‘१२ तारीख, रात्री २.१०: रक्तदाब ८०/५०, नाडी १३०. नर्सने डॉक्टरांना फोन केल्याची नोंद (जोडपत्र ४, पान ३१).
१२ तारीख, रात्री २.१० ते सकाळी ९.००: डॉक्टरांची एकही नोंद नाही (जोडपत्र ३, पाने १२-१३).
१२ तारीख, सकाळी ९.००: रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले (जोडपत्र ३, पान १३).’

विशेषणे नाहीत, ‘निर्दयपणे’ नाही, ‘पैशांच्या हव्यासापोटी’ नाही. जे कागदावर नाही पण तुम्ही पाहिले, ते ‘मी स्वतः पाहिले’ असे वेगळे लिहावे. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकले ते लिहावे आणि त्याची साक्ष मिळेल का हे आधी विचारून घ्यावे.

त्यानंतर आरोप. प्रत्येक आरोपाला स्वतंत्र परिच्छेद: नियम क्रमांक, कृत्य, पुरावा. तीन भक्कम आरोप हे तेरा कच्च्या आरोपांपेक्षा बरे, कारण कच्चा आरोप खोडला गेला की त्याचा डाग भक्कम आरोपावरही पडतो. बिलाचा वाद इथे आणू नये. अपवाद एकच: फी उपचारापूर्वी सांगायची असते, उपचार सुरू झाल्यावर नाही, असे संहितेत आहे, ते मोडल्याचा पुरावा असेल तर जरूर लिहावे.

शेवटी मागणी: संहितेच्या आठव्या प्रकरणानुसार चौकशी व शिक्षा, आणि इतर रुग्णांना तातडीचा धोका असेल तर चौकशी संपेपर्यंत त्या डॉक्टरला संबंधित प्रक्रिया करण्यापासून रोखावे. असा अंतरिम मनाई आदेश देण्याचा अधिकार परिषदेला आहे; तो मागितल्याशिवाय मिळण्याची शक्यता कमी.

गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणांत मात्र तक्रार गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी. न्यायालयाने आरोप निश्चित केले की परिषद नोंदणी निलंबित करते. पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षे आणि पुन्हा दोषी ठरल्यास कायमचे नाव काढले जाते. एचआयव्हीची माहिती फोडली असेल तर २०१७ चा स्वतंत्र कायदाही हाताशी आहे.

दाखल केल्यानंतर

तक्रारीची पोच, आवक क्रमांक आणि प्रकरण क्रमांक घ्यावा. परिषद डॉक्टरकडून खुलासा मागवते. तो खुलासा तुम्हाला मिळाला पाहिजे. मिळाला नाही तर लेखी मागावा. त्यावरचे प्रत्युत्तर हा तक्रारीनंतरचा सर्वांत महत्त्वाचा कागद. खुलाशातल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमाने उत्तर द्यावे: मान्य, अमान्य, आणि अमान्य असेल तर कोणत्या पानाच्या आधारे. खुलाशासोबत डॉक्टरने जोडलेले कागद तुम्हाला आधी मिळालेल्या प्रतींशी ओळ न ओळ ताडावेत. नवी नोंद उगवलेली असेल तर ती इथेच पकडता येते, आणि म्हणूनच सुरुवातीला पानांचे फोटो काढायचे.

सुनावणीत दोन्ही बाजूंना म्हणणे मांडता येते. घटनाक्रमाचे एक पान हातात ठेवावे, प्रश्न ऐकून तेवढेच उत्तर द्यावे. वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘हे तज्ज्ञमतात पान अमुकवर आहे’ म्हणावे. तारीख चुकवू नये; तक्रारदार सतत गैरहजर राहिला की प्रकरण थंड पडते. त्या दिवशी काय झाले, पुढची तारीख कोणती, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहावे. मध्येच समेटाचा प्रस्ताव आला तर फोनवर बोलू नये. तक्रार मागे घेण्यासाठी पैसे मागितल्याचा आरोप तक्रारदारावर उलटू शकतो.

संहितेनुसार निर्णय ६ महिन्यांत व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेकदा होत नाही. ६ महिने झाले की नियम ८.४ चा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे आणि माहिती अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात: प्रकरणाची सद्यस्थिती, आजवरच्या सुनावण्यांच्या तारखा, आणि विलंबाचे फाईलवरचे कारण. परिषद ही सार्वजनिक प्राधिकरण आहे, उत्तर द्यावेच लागते. ग्राहक आयोगाची २ वर्षांची मुदत परिषदेच्या निर्णयासाठी थांबत नाही, हे या काळात विसरू नये.

निर्णय आल्यावर

कारणांसह आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि ती हाती पडल्याची तारीख लिहून ठेवावी, कारण अपिलाचे ६० दिवस तिथून मोजतात. नाव काढण्याची शिक्षा झाली असेल तर काही महिन्यांनी नोंदवही पुन्हा पाहावी. त्या काळात डॉक्टर व्यवसाय करताना आढळला तर परिषदेला आणि आरोग्य अधिकाऱ्याला पुराव्यासह कळवावे.

तक्रार फेटाळली गेली तर पुढची वाट अरुंद आहे. २००२ च्या संहितेत निर्णयाने बाधित ‘कोणत्याही व्यक्तीला’ अपिलाचा हक्क आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये मात्र आधी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या आचार आणि नोंदणी मंडळाकडे, मग खुद्द आयोगाकडे अपील करण्याची तरतूद डॉक्टरच्याच नावे लिहिलेली आहे, आणि याच आधारावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने रुग्णांची अपिले परत पाठवलेली आहेत. ज्याचा माणूस गेला त्याला दाद मागता येत नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला दोनदा येते, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष आहे आणि तो कायद्यातच दुरुस्त व्हायला हवा. तोवर ६० दिवसांच्या आत अपील पाठवावेच, म्हणजे तुम्ही मुदतीत दाद मागितल्याची नोंद राहते. ते परत आले तर ते पत्र जोडून मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे न्यायालय वैद्यकीय निदान नव्याने तपासत बसत नाही. परिषदेने तुमचा पुरावा विचारात घेतला का, तुम्हाला बाजू मांडू दिली का, आदेशात कारणे दिली का, एवढेच पाहते. म्हणून रोजच्या सुनावणीच्या वहीतल्या नोंदी, डॉक्टरचा खुलासा मागितल्याची पत्रे आणि प्रत्येक पोच त्या याचिकेच्या जोडपत्रांत सर्वांत आधी लावावी.